बाळाचा टीएसएच: आकड्याशेजारी तास लिहिलाय का?

अबोली
प्रसूतीनंतर दुसऱ्याच दिवशी घरी सोडायची पद्धत आता बऱ्याच ठिकाणी रुळली आहे. त्या घाईत बाळाचं रक्त विसाव्या-बाविसाव्या तासाला घेतलं जातं. रिपोर्टवर टीएसएच (गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीला कामाला लावणारं हार्मोन) २८ येतो, शेजारी ठळक अक्षरात ‘जास्त’ आणि पुढे छापलेली मर्यादा ०.४ ते ४.२. ही मर्यादा मोठ्या माणसांची, पण घरच्यांच्या तोंडचं पाणी पळतं. याच्या उलटही होतं. ‘जन्मतः जास्तच असतो, उतरेल आपोआप’ असं म्हणत खरोखर आजारी बाळाचा रिपोर्ट फायलीत जाऊन पडतो, आणि हे दुसरं जास्त घातक आहे.

जन्मानंतर बाळाची थायरॉइड ग्रंथी नेमकं काय करते, कितव्या तासाला कोणता आकडा चालतो आणि थायरॉइडची गोळी सुरू झालीच तर घरी ती नीट कशी द्यायची? ज्यांना हा विषय हाताखालचा आहे त्यांनी सविस्तर लिहावं.

पीयूषिका
नाळेपासून सुरुवात करते. पोटातल्या बाळाची थायरॉइड दहाव्या-बाराव्या आठवड्यापासून हार्मोन बनवू लागते, पण साधारण विसाव्या आठवड्यापर्यंत भिस्त आईच्या टी४वरच (थायरॉइडच्या मुख्य हार्मोनवरच) असते. शिवाय पोटात टी४चं कामाच्या टी३मध्ये रूपांतर फारसं होऊ दिलं जात नाही. वारेतलं एक विकर (एन्झाइम) टी४ला निष्क्रिय रूपाकडे, म्हणजे रिव्हर्स टी३कडे वळवत राहतं.

नाळ कापली की वार गेली आणि ते विकरही गेलं. बाळ आईच्या उबेतून खोलीच्या गारव्यात येतं. मेंदूतून टीआरएच (टीएसएच सोडायला लावणारं हार्मोन) सुटतं आणि मेंदूखालच्या पोष ग्रंथीतून टीएसएचचा लोंढा येतो. अर्ध्या तासात टीएसएच ६० ते ८० पर्यंत चढतो. हे सगळं निरोगी, पूर्ण दिवसांच्या बाळात. पुढे तो झपाट्याने उतरतो, चोवीस तासांनी विसाच्या आसपास आणि पहिला आठवडा संपता संपता दहाच्या खाली.

या लोंढ्यामुळे ग्रंथी जोरात कामाला लागते. टी३ काही तासांतच कित्येक पटींनी वाढतं, टी४ साधारण २४ ते ३६ तासांनी शिखर गाठतं. दोन्ही खांद्यांच्या फऱ्यांमध्ये बाळाला जी तपकिरी चरबी असते ती याच टी३च्या जोरावर उष्णता तयार करते. नवजात बाळ आपल्यासारखं कुडकुडत नाही, त्याची शेगडी पाठीत असते.

त्यामुळे अबोलीताई, बाविसाव्या तासाचा २८ आणि पाचव्या दिवसाचा २८ हे दोन वेगळे रिपोर्ट आहेत. पहिला बहुधा लाटेची उतरण आहे. दुसऱ्यात ताबडतोब शिरेतून रक्त घेऊन फ्री टी४ (रक्तात मोकळं फिरणारं टी४) पाहायलाच हवं.

सुपारी_फूल
म्हणजे बाळाला गारठा लागला म्हणून टीएसएच वाढतो? मग नीट गुंडाळलं तर वाढणार नाही का?

पीयूषिका
गारवा हे एक कारण. नाळ कापली जाणं आणि प्रसूतीचा ताण ही आणखी. उबदार ठेवलेल्या बाळातही लाट येतेच, आणि ती यायलाच हवी. गुंडाळायचं, आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरायचं ते बाळाची साखर आणि तापमान सांभाळायला. टीएसएच आटोक्यात ठेवायला नव्हे.

मोजपट्टी
आता प्रयोगशाळेच्या बाजूने. नमुना तीनपैकी एका प्रकारे येतो: नाळेतलं रक्त, टाचेतलं रक्त कागदावर वाळवून, किंवा शिरेतलं.

नाळेतल्या रक्ताबद्दल एक गैरसमज पक्का बसलेला आहे की लाटेमुळे त्यात टीएसएच वाढलेला येतो. तसं नाही. लाट जन्मानंतर उठते, नाळेतलं रक्त तिच्या आधीचं असतं. म्हणून ते चालतं. चालत नाही ते पहिल्या चोवीस तासांतलं टाचेचं रक्त, कारण ते नेमकं लाटेवर बसलेलं असतं.

भारतातल्या बालअंतःस्रावतज्ज्ञांच्या संघटनेने सुचवलेल्या मर्यादा अशा: नाळेत २०च्या वर, २४ ते ४८ तासांत ३४च्या वर, ४८ तासांनंतर पुन्हा २०च्या वर असेल तर बाळाला परत बोलवायचं. सगळ्यात चांगली वेळ ४८ ते ७२ तास.

आता खरी ठेच लागते ती एककाला. वाळवलेल्या ठिपक्याचा आकडा काही प्रयोगशाळा ‘संपूर्ण रक्त’ धरून देतात, काही ‘सीरम’ (पेशी वगळून उरलेलं पातळ द्रव) धरून. नवजात बाळाच्या रक्ताचा साधारण निम्मा किंवा थोडा अधिक भाग लालपेशींचा असतो, म्हणून संपूर्ण रक्ताचा आकडा कमी दिसतो. सीरमशी ताडायला त्याला साधारण २.२ने गुणायचं. संपूर्ण रक्तातला १० म्हणजे सीरममधला २२. रिपोर्टवर फक्त ‘१०’ वाचून कोणी ‘२०च्या आत आहे’ म्हणालं तर एक बाळ हातचं निसटलं.

टाचेचा_ठिपका
मोजपट्टी यांच्या प्रतिसादाला पुरवणी. आकडा कितीही अचूक मोजा, ठिपकाच बिघडलेला असेल तर उपयोग शून्य. वॉर्डात काम करणाऱ्यांसाठी क्रमाने लिहिते.

टाच कोमट ओल्या फडक्याने तीन ते पाच मिनिटं शेकायची. फडकं आपल्या मनगटाला सोसेल इतपतच. पाय हृदयाच्या पातळीखाली. स्पिरिटने पुसायचं आणि ते पूर्ण वाळू द्यायचं, नाहीतर रक्त फाटतं. टोचायचं टाचेच्या आतल्या किंवा बाहेरच्या कडेला, तळव्याच्या बाजूने. मधोमध किंवा मागच्या गोलाईवर कधीच नाही, तिथे हाड जवळ असतं. सुईची खोली दोन मिलिमीटरपेक्षा जास्त नको. पहिला थेंब कोरड्या कापसाने टिपून टाकायचा. दुसरा मोठा थेंब आपसूक जमला की कागद अलगद टेकवायचा आणि एका थेंबात एक वर्तुळ भरू द्यायचं. कागद उलटून बघायचं, मागेही तेवढाच डाग उमटला पाहिजे.

होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. टाच पिळणे, त्याने ऊतींमधलं पाणी मिसळून रक्त पातळ होतं. एकाच वर्तुळावर थेंबावर थेंब देणे. कागदाच्या दोन्ही बाजूंनी रक्त लावणे. उन्हात किंवा हीटरसमोर वाळवणे. आडवा ठेवून, कशालाही न टेकवता, खोलीच्या तापमानाला तीन-चार तास वाळवायचं, मगच पाकिटात. ओला कागद प्लास्टिकच्या पिशवीत गेला की नमुना वाया.

आणि टाच पुसायला बीटाडीन अजिबात नको. नाळेच्या देठालाही नको.

सुपारी_फूल
बीटाडीनने काय होतं? जंतुनाशकच ना ते?

गंडमाळ
त्यात आयोडीन असतं आणि बाळाची त्वचा ते शोषून घेते. थायरॉइडला एकदम खूप आयोडीन मिळालं की ती हार्मोन बनवणं तात्पुरतं थांबवते. मोठ्या माणसाची ग्रंथी दोन-चार दिवसांत त्यातून बाहेर पडते. बाळाची ती क्षमता गर्भारपणाच्या ३६ ते ४० आठवड्यांच्या दरम्यान पक्व होते, म्हणून अपुऱ्या दिवसांच्या बाळाची ग्रंथी अडकून पडते आणि टीएसएच चढतो. आईच्या टाक्यांवर रोज भरपूर लावलेलं बीटाडीनसुद्धा दुधातून पोहोचतं. कोरियात बाळंतिणीला समुद्री शेवाळाचं सूप देण्याची जुनी रीत आहे, तिथे याच कारणाने बाळांचा टीएसएच वाढलेला आढळतो. आपल्याकडे शेवाळ कोणी खात नाही, पण ‘नैसर्गिक आयोडीन’ म्हणून केल्प या समुद्री शेवाळाच्या कॅप्सूल ऑनलाइन मिळतात. बाळंतिणीने त्यांच्या वाटेला जाऊ नये.

कोकणी_काकू
मग उलट बाजू पण लिहा कोणीतरी. बाळंतिणीला सैंधव द्यायची आता लाट आलीये. गुलाबी मीठ म्हणे आरोग्याला चांगलं!

गंडमाळ
काकू, अगदी योग्य जागी बोट ठेवलंत. नवजात बाळाच्या ग्रंथीचं वजन जेमतेम एक-दीड ग्रॅम, दोन-तीन शेंगदाण्यांइतकं. त्यात आयोडीनचा साठा सुमारे ३०० मायक्रोग्रॅम आणि रोजचा खर्च सुमारे ५०. मोठ्या माणसाच्या ग्रंथीत दोन-तीन महिने पुरेल इतकं हार्मोन तयार पडलेलं असतं. बाळाचं हातावर पोट आहे. रोज आणायचं, रोज वापरायचं. आणि ते येतं आईच्या दुधातून.

स्तनदा मातेची रोजची गरज २५० मायक्रोग्रॅम. आयोडीनयुक्त मिठात ग्राहकाच्या हातात पोहोचताना दहा लाख भागांत किमान १५ भाग आयोडीन असावं लागतं. म्हणजे एक ग्रॅम मिठात निदान १५ मायक्रोग्रॅम. दूध, दही, अंडी, समुद्राचे मासे यातून आणखी भर पडते. सैंधवात हे आयोडीन नगण्य असतं. उपासाला एक दिवस वापरलं तर काही बिघडत नाही. सव्वा महिना तेच आणि वर अळणी पथ्य, हे मात्र बाळाच्या मुळावर येतं.

मीठ झाकणाच्या बरणीत ठेवा, चुलीशेजारी उघडं नको, आणि शक्यतो पदार्थ उतरवताना घाला. म्हणून जास्त मीठ खा असं नाही, जेवढं खाता ते आयोडीनवालं खा.

दक्खनचा_वाचक
थोडं अवांतर. भारतात हे मीठ आलं ते हिमालयाच्या पायथ्याच्या गलगंडामुळे. १९५०च्या दशकात कांगडा खोऱ्यात व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी गावांचे भाग पाडून काहींना आयोडीनयुक्त, काहींना साधं मीठ दिलं. आयोडीनवाल्या भागात गलगंड कमी झाला. १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. पुढे १९९२मध्ये त्याचं नाव बदलून ‘आयोडीन कमतरता विकार’ असं व्यापक केलं, कारण गळ्यावरची गाठ हे फक्त दिसणारं लक्षण, खरं नुकसान बाळाच्या मेंदूचं.

मोजपट्टी
अवांतर नाही हो, हेच मूळ आहे!

ज्ञानदा_प
आईला थायरॉइडची गोळी चालू असेल तर बाळालाही असणार, असं सर्रास ऐकू येतं. खरं किती?

पीयूषिका
बहुतेक वेळा खरं नाही. जन्मजात थायरॉइड-न्यूनता असलेल्या बाळांपैकी बहुतेकांच्या आया पूर्ण निरोगी असतात. जगभरात सर्वाधिक बाळांत कारण रचनेतलं असतं: ग्रंथी तयारच झाली नाही, छोटी राहिली, किंवा जिभेच्या मुळापासून गळ्यात उतरताना वाटेतच थांबली. उरलेल्यांत ग्रंथी जागेवर असते पण हार्मोन बनवण्याची एखादी पायरी गळलेली असते. हा दुसरा प्रकार आपल्या देशात तुलनेने जास्त दिसतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या बहुकेंद्री पाहणीत आपल्याकडचं प्रमाण साधारण अकराशे-बाराशे बाळांमागे एक असं आलं. जगात ते दोन ते चार हजारांत एक मानलं जातं.

आईमुळे फरक पडतो तो दोन प्रसंगी. तिच्या रक्तात टीएसएचची जागा अडवणारी प्रतिपिंडं असतील तर ती वारेतून जाऊन बाळाची ग्रंथी काही महिने झोपवतात. आणि आईला ग्रेव्हज, म्हणजे थायरॉइड गरजेपेक्षा जास्त काम करण्याचा आजार, असेल (पूर्वी उपचार होऊन ती आता बरी असली तरी) तर उलट होतं. उत्तेजक प्रतिपिंडं जातात आणि बाळाची ग्रंथी उधळते. हे जन्मदिवशी दिसेलच असं नाही. आईची औषधं बाळाच्या अंगातून दोन-चार दिवसांत उतरतात आणि मग दुसऱ्या ते दहाव्या दिवसादरम्यान बाळाची नाडी धावू लागते, दूध पिऊनही वजन घटतं, बाळ चिडचिडं होतं. म्हणून ‘पूर्वी ग्रेव्हज होता, आता बरा आहे’ हे प्रसूतीच्या फायलीत पहिल्या पानावर हवं.

शांत_संध्या
बाळाकडे बघून कळत नाही का? मोठी जीभ, फुगलेली बेंबी वगैरे चित्रं पुस्तकांत असतात.

टाचेचा_ठिपका
ती चित्रं उशीर झाल्यावरची आहेत. जन्मतः बहुतेक बाळं निरोगीच दिसतात, कारण आईचं टी४ वारेतून आलेलं असतं आणि पहिले काही दिवस तेच पुरतं. लांबलेली कावीळ, कमी रडणारं ‘गुणी’ बाळ, घोगरा आवाज, दिवसेंदिवस शी नाही, दूध पिता पिता झोप, कोरडी गार त्वचा, मागची टाळू अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा मोठी, ही चिन्हं हळूहळू जमतात. ती जमेपर्यंत मेंदूचे मोलाचे आठवडे गेलेले असतात. म्हणूनच १९७०च्या दशकात कॅनडातल्या क्वेबेकमध्ये जॉं दुसो यांनी कागदावरच्या ठिपक्यातून सरसकट सगळ्या बाळांची तपासणी सुरू केली. लक्षणांची वाट बघायची नाही, हाच त्यातला मुद्दा.

‘किती शहाणं आहे, उठवावं लागतं दुधासाठी’ असं कौतुक तिसऱ्या आठवड्यात कानावर आलं तर कौतुक करा आणि टीएसएचही करा.

दक्खनचा_वाचक
गोव्यात २००८ साली सरकारी पातळीवर नवजात तपासणी सुरू झाली होती, केरळनेही पुढे केली. महाराष्ट्रात अजूनही कुठे जन्म झाला यावर अवलंबून आहे. हे बदलायलाच हवं.

खलबत्ता
आता थायरॉक्सीनच्या (टी४च्या) गोळीकडे येऊ, कारण औषधाच्या दुकानात रोज हीच गफलत दिसते.

बाळाचा डोस मोठ्यांपेक्षा वजनाच्या मानाने कितीतरी जास्त असतो, दर किलोला रोज १० ते १५ मायक्रोग्रॅम. मोठ्या माणसाला साधारण १.६ लागतं. तीन किलोच्या बाळाला १२च्या हिशोबाने ३६, म्हणजे २५ची दीड गोळी, ३७.५. ‘एवढ्याशा जिवाला दीड गोळी?’ म्हणून घरी अर्धीच दिली जाते. असं कृपया करू नका. बाळाचं शरीर हार्मोन मोठ्यांच्या कित्येक पट वेगाने वापरतं.

द्यायची रीत: गोळी दोन स्टीलच्या चमच्यांमध्ये दाबून पूड करा. त्यातच आईच्या दुधाचे किंवा उकळून गार केलेल्या पाण्याचे पाच-सात थेंब घालून चमच्यातल्या चमच्यात विरघळवा आणि गालाच्या आतल्या बाजूला सोडा. चमच्याला चिकटलेला कण पुन्हा दोन थेंबांनी धुऊन द्या. वर लगेच अंगावर घ्या. बाटलीभर दुधात किंवा वाटीभर पाण्यात मिसळू नका. बाळाने अर्धं टाकलं तर किती पोटात गेलं हे कोणालाच कळत नाही.

कालवून ठेवायचं नाही, आदल्या रात्रीही नाही. आपल्याकडे कोणी ‘सिरप बनवून देतो’ म्हणालं तर घेऊ नका, पाण्यात हे औषध टिकत नाही. युरोप-अमेरिकेत तयार द्रवरूप औषध मिळतं, ते कारखान्यात वेगळ्या पद्धतीने बनवलेलं असतं. गोळ्या मूळ बाटलीतच, २५ अंशांखाली, उजेड आणि ओलीपासून लांब ठेवा. फ्रिजच्या दारात नको, गॅसच्या वरच्या फळीवर तर नकोच.

कोकणी_काकू
बाळगुटीबरोबर उगाळून दिली तर?

खलबत्ता
नको काकू. गुटीत काय किती जातं याचा भरवसा नाही आणि मध तर वर्षाच्या आत द्यायचाच नसतो. औषध एकटं जाऊ दे. लोहाचे थेंब, कॅल्शियम आणि सोयाचं दूध यांच्यात आणि गोळीत चार तासांचं अंतर ठेवा, नाहीतर गोळी आतड्यात अडकते, रक्तात जातच नाही. डी जीवनसत्त्वाचे थेंब चालतात, फक्त त्यात कॅल्शियम मिसळलेलं नाही ना ते बाटलीवर वाचा.

ज्ञानदा_प
आणि उपाशीपोटी? दर दोन तासांनी पिणाऱ्या बाळाला उपाशी कसं ठेवायचं?

पीयूषिका
ठेवायचंच नाही. बाळाला रोज एकाच वेळी, एकाच पद्धतीने दिली की पुरे. शोषण थोडं कमी झालं तरी ते रोज सारखंच कमी होतं आणि डोस त्यानुसार बसवता येतो. सकाळची पहिली पाजणी करण्याआधी हे सोयीचं. अर्ध्या तासाच्या आत पूर्ण उलटी झाली तर पुन्हा द्या. विसरलात तर आठवेल तेव्हा त्याच दिवशी द्या.

खलबत्ता
एक फार महत्त्वाचं राहिलं. आई स्वतः १००ची गोळी घेत असेल तर दोन बाटल्या शेजारी ठेवू नका. एकाच कंपनीच्या बाटल्या अंधारात सारख्याच दिसतात. बाळाच्या बाटलीच्या झाकणाला लाल धागा बांधा.

माळरान
गोळी कधी सुरू करायची, याबद्दल माझं मत थोडं वेगळं. सोनोग्राफी आणि ग्रंथी कुठे आहे ते दाखवणारा स्कॅन होईपर्यंत थांबलं पाहिजे. एकदा गोळी सुरू झाली की कारण कळत नाही आणि बाळ आयुष्यभर अडकतं.

पीयूषिका
माळरान, इथे ठाम असहमत. टीएसएच ४०च्या वर असेल तर शिरेतून रक्त घ्यायचं आणि त्याच दिवशी गोळी सुरू करायची, फ्री टी४च्या रिपोर्टचीही वाट बघायची नाही. उपचार दोन आठवड्यांच्या आत सुरू झालेच पाहिजेत. स्कॅन गोळी सुरू केल्यावरही पहिल्या आठवड्याभरात होतो, टीएसएच अजून चढलेला असतो तोवर. सोनोग्राफी तर कधीही होते. तंत्र उपलब्ध नाही म्हणून एक दिवसही वाया घालवायचा नाही. कारण शोधायला तिसरं वर्ष आहे, मेंदूला नाही.

अडचण मधल्या आकड्यांची असते. टीएसएच १० ते २०, फ्री टी४ व्यवस्थित, बाळ उत्तम. तिथे एक-दोन आठवड्यांनी परत पाहता येतं. पण दोन आठवड्यांच्या वयानंतर टीएसएच २०च्या वर असेल तर फ्री टी४ ठीक असलं तरी सुरू करतात.

माळरान
स्कॅन सुरू केल्यावरही होतो हे लक्षात घेतलं नव्हतं. मग थांबण्याचा मुद्दा मी मागे घेतो. पण आयुष्यभराचं काय?

गंडमाळ
सगळ्यांनाच आयुष्यभर लागत नाही. ग्रंथी जागेवर असेल, वजन वाढूनही डोस वाढवावा लागला नसेल आणि पहिल्या वर्षानंतर टीएसएच कधी दहाच्या वर गेला नसेल, तर तीन वर्षं पूर्ण झाल्यावर चार ते सहा आठवडे गोळी थांबवून तपासतात. तीनच का? तोवर मेंदूची वाढ या हार्मोनवर सर्वाधिक अवलंबून असते. घरी स्वतःहून थांबवायचं मात्र कधीच नाही.

तोवरच्या तपासण्या: सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांनी, पहिल्या वर्षभर दर एक-दोन महिन्यांनी, तिसऱ्या वर्षापर्यंत दर दोन-तीन महिन्यांनी. फ्री टी४ दोन आठवड्यांत आणि टीएसएच महिन्याभरात जागेवर यायला हवा. रक्त त्या दिवशीच्या गोळीआधी घ्या. टीएसएच जागेवर आलाच नाही तर डोस वाढवण्याआधी वर खलबत्ता यांनी लिहिलेली पद्धत घरात खरंच पाळली जाते का, ते विचारा. बहुतेक वेळा तिथेच उत्तर सापडतं.

शांत_संध्या
ग्रंथी वाटेत थांबली तर पुढे काय होतं? ती वाढतच नाही?

गंडमाळ
थोडं काम करते. निरोगी ग्रंथी वर्षाला साधारण एक ग्रॅमने वाढत जाऊन मोठेपणी १५-२० ग्रॅमची होते. जिभेच्या मुळाशी अडकलेली ग्रंथी या वेगाने वाढू शकत नाही. म्हणून कधी कधी जन्मतः टीएसएच जेमतेम वाढलेला असतो आणि शाळेच्या वयात उंची वाढायची थांबते तेव्हा लक्षात येतं.

याच्याशीच जोडलेली एक गोष्ट. मुलाच्या गळ्यावर मधोमध, गिळताना आणि जीभ बाहेर काढताना वर सरकणारी गाठ दिसली तर काढण्याआधी सोनोग्राफीत थायरॉइड नेहमीच्या जागी आहे याची खात्री करा. क्वचित ती गाठ हीच त्या मुलाची एकमेव थायरॉइड असते.

आणि शाळकरी मुलांचं सोपं माप: थायरॉइडची एक पाळी त्याच मुलाच्या अंगठ्याच्या टोकाच्या पेरापेक्षा मोठी लागली तर तो गलगंड. अंगठा मुलाचाच, तपासणाऱ्याचा नाही.

मोजपट्टी
अपुऱ्या दिवसांच्या बाळांबद्दल कोणी लिहिलं नाही. त्यांच्यात लाट लहान येते, टी४ कमी राहतं आणि खरा दोष असला तरी टीएसएच उशिरा चढतो. डोपामीन किंवा स्टेरॉइड चालू असेल तर टीएसएच दाबलाही जातो. म्हणून पहिला नमुना चांगला आला तरी दोन ते चार आठवड्यांनी दुसरा. तेच दीड किलोखालच्या, अतिदक्षता विभागातल्या आणि जुळ्या बाळांना. एकाच वारेच्या जुळ्यांत निरोगी भावंडाचं रक्त मिसळून आजारी बाळाचा आकडा झाकला जातो. डाऊन सिंड्रोमच्या बाळांची तपासणी सहाव्या आणि बाराव्या महिन्यात, मग दरवर्षी.

पीयूषिका
आणि फक्त टीएसएच पाहिला तर पोष ग्रंथीतच दोष असलेली बाळं सुटतात. त्यांचा टीएसएच कमी किंवा ‘छान’ येतो. रक्तातली साखर वारंवार उतरणं, तोंडातल्या टाळूला फट, मुलाचं लिंग फार लहान, असं काही असेल तर फ्री टी४ही करा. अशा बाळाला थायरॉक्सीन देण्याआधी कॉर्टिसॉल तपासा, नाहीतर गोळीनेच बाळ कोसळू शकतं.

अबोली
सगळ्यांचे मनापासून आभार. आता परत माझ्या मूळ अडचणीकडे. लवकर घरी जाणाऱ्या बाळाच्या फायलीवर नेमकं काय लिहायचं?

टाचेचा_ठिपका
जन्माची तारीख आणि वेळ. रक्त घेतल्याची तारीख आणि वेळ. त्यांच्यातलं अंतर तासांत, ठळक. नमुना नाळेचा, टाचेचा की शिरेचा. आकडा संपूर्ण रक्ताचा की सीरमचा. जन्मवजन आणि किती आठवड्यांचं बाळ. आईला ग्रेव्हज होता का. बीटाडीन वापरलं का. आणि रिपोर्ट कोणी बघायचा त्या माणसाचं नाव, घरच्यांचे दोन फोन नंबर. पहिली खेप बाळंतिणीचं माहेर असते, नवऱ्याच्या एकट्याच्या नंबरवर फोन करून बाळ सापडत नाही.

आणि शक्यतो नाळेचं रक्त घ्यायचं ठरवा. चोवीस तासांत घरी जाणाऱ्यांसाठी तोच सरळ मार्ग. नाळ हुकली तर तिसऱ्या ते पाचव्या दिवशी बाळाला टाचेसाठी परत बोलवा.

पीयूषिका
तुमच्या उदाहरणातला बाविसाव्या तासाचा २८: गोळी नाही, घाबरणं नाही, बहात्तराव्या तासाच्या सुमारास परत रक्त. तारीख आजच फायलीवर लिहून घरच्यांच्या हातात द्या. त्याच बाविसाव्या तासाला ९० आला तर थांबायचं नाही, शिरेतून टीएसएच आणि फ्री टी४ त्याच दिवशी.

अबोली
दोन्ही ओळी फायलीच्या पहिल्या पानासाठी उतरवून घेतल्या. टाचेचा_ठिपका, माहेरच्या नंबरचं डोक्यातच आलं नव्हतं, त्यासाठी वेगळा रकाना करते.